अंगणांतील शाळा

शिक्षणांतील नवे प्रयोग असें म्हटलें म्हणजे आज आपल्या डोळ्यांपुढें प्रथम एखादें यंत्र उभें राहतें. कोणास वर्गाच्या भिंतीवरील प्रकाशमान पडदा आठवतो, कोणास मुलाच्या हातांतील टॅब्लेट, तर कोणास मोबाइलवर धडा सांगणारा दूरचा शिक्षक. ह्या साधनांविषयीं माझ्या मनांत अढी नाहीं. खडू आणि फळा ह्या दोन साधनांवर ज्यानें आयुष्यभर पोट भरलें, त्यानें साधनांची निंदा करणें शोभत नाहीं. परंतु कोणतें साधन खरोखर नवें आणि कोणतें केवळ महाग, हें ओळखावें कसें, हा प्रश्न पालकांना व शिक्षकांना वरचेवर पडतो. त्याचें उत्तर आपल्याच जुन्या ठाणें जिल्ह्याच्या इतिहासांत आहे. आणि ज्या शाळेनें तें दिलें, तिच्याजवळ विजेचें उपकरण तर सोडाच, चार भिंतीहि नव्हत्या. त्या शाळेची हकीकत सांगावी, असा आजचा बेत आहे.

तत्पूर्वीं साधनांच्या इतिहासांतील एक जुनी गोष्ट सांगतों. इंग्रजी अंमलाच्या आधीं आपल्याकडे पंतोजींच्या शाळा ओसरीवर किंवा देवळांत भरत आणि मुलें धूळपाटीवर अक्षरें गिरवीत. दक्षिणेंतहि वाळूवर बोटानें लिहिण्याची चाल होती. मद्रासेस लष्करी लोकांच्या अनाथ मुलांसाठीं १७८९ सालीं एक आश्रम निघाला. त्याचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनीं एकदां मलबारी मुलांची अशी शाळा पाहिली आणि ती रीत आपल्या आश्रमांत चालू करावी असें ठरविलें. आश्रमाच्या शिक्षकांनीं तें मनावर घेतलें नाहीं. तेव्हां बेलसाहेबांनीं आठ वर्षांच्या एका चलाख मुलाला ती रीत दाखविली व त्याच्याकडून धाकट्यांना शिकविलें. १७९७ सालीं त्यांनीं ह्या प्रयोगाचें वर्णन लंडनांत प्रसिद्ध केलें आणि ‘मद्रास पद्धति’ म्हणून तिचा विलायतेंत गाजावाजा झाला. पुढें १८२० नंतरच्या दशकांत तिच्याच जातीची लँकेस्टरची पद्धति मुंबई इलाख्यांतील नव्या मराठी शाळांतून सुधारणा म्हणून दाखल झाली! जी धूळ आपल्या ओसरीवर होती, ती साता समुद्रांची यात्रा करून परत आली, तेव्हां तिला मान मिळाला. ह्या गोष्टींतील मर्म मात्र धुळींत नाहीं. मोठ्यांनीं नाकारलेलें काम एक लहान मूल करूं शकतें, हें बेलसाहेबांच्या दृष्टीस पडलें, ह्यांत आहे.

मुलाकडे पाहण्याची हीच दृष्टि शंभर वर्षांनंतर इटलींतील एका विदुषीनें शास्त्राच्या पदवीस नेली. डॉक्टर मारिया माँटेसोरी ह्या व्यवसायानें वैद्य. मतिमंद मुलांना शिकवितां शिकवितां त्यांनीं हातानें हाताळावयाचीं साधनें वापरलीं आणि त्यांवरून सर्वच मुलांच्या शिक्षणाचा विचार त्यांना सुचला. १९०७ सालच्या जानेवारींत रोम शहरांतील सान लोरेंझो ह्या गरीब वस्तींत त्यांचें पहिलें बालगृह उघडलें. आईबाप मजुरीला गेले म्हणजे मागें राहणारीं पोरें नव्या चाळींची नासधूस करीत, म्हणून त्यांना कोंडून ठेवण्यास एक खोली हवी होती. एवढ्याशा व्यावहारिक गरजेंतून जगाला एक नवी शिक्षणपद्धति मिळाली. एका लांकडी ठोकळ्यांत निरनिराळ्या जाडीचीं भोंकें आणि त्यांत बसणाऱ्या तितक्याच दट्ट्या, हें त्यांचें एक साधन. दट्ट्या चुकीच्या भोंकांत बसत नाहीं. बसली तर शेवटीं एक उरते. मुलाला त्याची चूक बाईंनीं सांगावी लागत नाहीं, ती त्याचा हातच त्याला सांगतो. तसेंच खरखरीत कागदाच्या अक्षरांचें. बोट त्यांवरून फिरतें आणि लेखणी हातीं धरण्यापूर्वींच अक्षराचें वळण मुलाच्या अंगीं उतरतें. ह्या रीतींत शिक्षक बराच वेळ गप्प असतो. आम्हां शिक्षकांना तेंच अवघड जातें!

ही विद्या आपल्याकडे आली ती गुजरातेंतून. भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढलें. गिजुभाई मूळचे वकील. परंतु मुलांत इतके रमले कीं लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, म्हणूं लागले. त्यांना १९२३ सालीं येऊन मिळाल्या त्या ताराबाई मोडक. १८९२ सालीं जन्मलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झालेल्या आणि राजकोटच्या स्त्री-अध्यापिका-विद्यालयाचें प्रमुखपद सांभाळलेल्या ह्या बाईंनीं तें मानाचें स्थान सोडून बालमंदिराच्या सतरंजीवर बसणें पत्करलें. १९२६ सालीं ह्या मंडळींनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढें ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ सालीं दादरला त्यांनीं शिशुविहार चालू केला.

येथवरची कथा यशाची आहे. परंतु तिच्यांत एक सल होता. रोमच्या मजूर वस्तींत जन्मलेली ही पद्धति हिंदुस्थानांत आली ती बहुतांशीं पांढरपेशांच्या घरीं. गुळगुळीत लांकडी साधनें, रंगीत मणी, लहान मेजें, खुर्च्या हा सारा संसार खर्चाचा. तो शहरांतील सुखवस्तु आईबापांनाच परवडे. माँटेसोरीबाई आणि गांधीजी यांची १९३१ सालीं लंडनला भेट झाली, तेव्हां हें शिक्षण धनवंतांच्या मुलांपुरतें न राहतां कंगालांच्या मुलांनाहि मिळावें, अशी आशा गांधीजींनीं बोलून दाखविली होती. ताराबाईंच्या मनाला हाच प्रश्न टोंचत राहिला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, जेव्हां सामान्य माणूस निवृत्तीचे दिवस मोजूं लागतो, त्यांनीं दादर सोडलें आणि समुद्रकांठचें बोर्डी हें गांव गांठलें.

मी राहतों त्या कोपरच्या स्टेशनाला दोन मजले आहेत. खालून कल्याणकडे जाणारा मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग जातो आणि वरच्या मजल्यावरून दिव्याहून वसईला जाणारी गाडी सुटते. ह्या वरच्या गाडीनें वसईस उतरून उत्तरेकडे डहाणूच्या पुढें गेलें म्हणजे घोलवड लागतें आणि घोलवडच्या शेजारीं बोर्डी. हा सर्व मुलूख त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांतच होता. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर हा निराळा जिल्हा झाला, तेव्हां तो तिकडे गेला. बोर्डीस चिकूच्या व नारळाच्या बागा आणि सुशिक्षित वस्ती; पण तेथून डोंगराकडे वळलें कीं वारल्यांचे पाडे. १९४५ सालीं ह्या पाड्यांची स्थिति काय होती? लग्नापुरतें कर्ज काढणारा वारली त्याच्या फेडीसाठीं सावकाराघरीं राबत राही. त्याला ‘लग्नगडी’ असें नांवच पडलें होतें. त्याची बायकोहि त्याच्याबरोबर त्या कर्जाला जुंपली जाई. त्याच सालच्या मे महिन्यांत तलासरीजवळील झरी येथें वारल्यांची मोठी सभा भरली आणि वेठ करणार नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. गोदावरीबाई परुळेकर यांनीं त्या लढ्याची हकीकत पुढें ग्रंथरूपानें लिहिली आहे. म्हणजे ज्या वर्षीं बाप वेठीला ‘नाहीं’ म्हणावयास शिकत होता, त्याच वर्षीं त्याच मुलखांत त्याच्या लेंकरासाठीं शाळा निघत होती. दोन्ही कार्यें निराळ्या माणसांचीं, निराळ्या मार्गांचीं. पण भूमि एक.

१९४५ च्या डिसेंबरांत बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालें. ताराबाईंच्या जोडीला होत्या अनुताई वाघ. त्यांचें पूर्वायुष्य आपल्या समाजाच्या तत्कालीन रीतीचें द्योतक आहे. १९१० सालीं पुणें जिल्ह्यांतील मोरगांवीं जन्म, तेराव्या वर्षीं लग्न आणि सहा महिन्यांच्या आंत वैधव्य. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेंत शिकवूं लागल्या आणि नोकरी करतां करतां १९३७ सालीं मॅट्रिक झाल्या. १९४५ सालीं बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचें शिबिर भरलें होतें. तेथें त्यांची व ताराबाईंची भेट झाली आणि पस्तीस वर्षांच्या अनुताई पुण्याची स्थिर नोकरी सोडून बोर्डीस आल्या. मीहि मॅट्रिकच, म्हणून ह्या एका गोष्टीचा मला विशेष अभिमान वाटतो. भारताच्या बालशिक्षणाला ज्यांनीं वळण लावलें, त्या दोघींपैकीं एक त्या घडीला मॅट्रिकच होत्या. पदवी त्यांनीं पुढें पन्नाशी उलटल्यावर मिळविली.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. शाळा निघाली, शिक्षिका आल्या, साधनें मांडलीं. पण ज्यांच्यासाठीं हें सर्व, तीं पाड्यांवरचीं मुलें येईनात. अशा वेळीं आपण काय म्हणतों? लोक अडाणी आहेत, त्यांना शिक्षणाची गोडी नाहीं, असें म्हणून मोकळे होतों. ह्या दोघींनीं तसें न म्हणतां कारण शोधलें. आई कामाला जाते. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसते. तिला सोडवावयास कोणी नाहीं. मुलाच्या अंगावर वस्त्र नाहीं, पोटांत सकाळपासून कांहीं नाहीं. गांवांतल्या बागाईतदारांच्या वस्तींत पाय टाकावयाची त्याला भीति वाटते. तेव्हां मूल शाळेला येत नसेल तर शाळेनेंच मुलाकडे जावें, हा निर्णय झाला. शिक्षिका साधनांची पिशवी घेऊन पाड्यावर जाऊं लागल्या आणि झोंपडीपुढच्या सारवलेल्या अंगणांत बसूं लागल्या. तेथें मुलांचे हातपाय धुवावे, नखें काढावीं, केंस विंचरावे. मग गाणीं, गोष्टी, खेळ. मग मोजणें, वेगळें करणें, ओळींत मांडणें. आई काम करतां करतां दारांतून पाही. ह्या शाळेला नांव मिळालें ‘अंगणवाडी’.

हा फरक वरवर जागेचा दिसतो, पण तो त्याहून खोल आहे. शाळेच्या इमारतींत मूल पाहुणें असतें. तें तेथें दबून वागतें. अंगणांत मूल यजमान असतें आणि पाहुणी असते ती शिक्षिका. तिला त्या घरची बोली समजून घ्यावी लागते, आईशीं बोलावें लागतें, वारल्यांच्या घरांत काय आहे आणि काय नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें लागतें. शिकणें दोहोंकडून सुरू होतें.

साधनांचाहि प्रश्न त्यांनीं तेथेंच सोडविला. विलायती लांकडी साधनांची नक्कल सुताराकडून करून घेणें हा एक मार्ग होता. त्यांनीं निराळाच विचार केला. माँटेसोरीच्या साधनामागचें तत्त्व कोणतें? मुलाच्या हाताला काम मिळावें, त्यानें सारखें व वेगळें ओळखावें, लहानमोठें लावावें आणि आपली चूक आपणच पकडावी. हें तत्त्व पाळावयाला रंगीत लांकूडच हवें असें कोठें आहे? समुद्रकांठीं शिंपले होते, ओढ्यांत गोटे होते. रानांत बिया, शेंगा, पानें, पिसें होतीं. बांबू होता, माती होती. शिंपले लहानाकडून मोठ्याकडे मांडले तरी तेंच शिक्षण होतें. चिंचोके मोजले तरी दहाच होतात. उलट एक मोठा लाभ झाला. विकत आणलेलें साधन मोडेल म्हणून शिक्षक तें जपतो आणि कित्येक शाळांत तें कपाटांतच म्हातारें होतें. चिंचोका हरवला तर मूल दुसरा आणतें. साधनाची भीति गेली म्हणजे मुलाचा हात मोकळा चालतो.

१९५७ च्या सुमारास हें कार्य बोर्डीहून जवळच्या डोंगराळ भागांतील कोसबाडला गेलें, कारण वारली वस्ती खरी तिकडेच होती. कोसबाडच्या टेंकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ह्या तिन्ही एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी राहिली. तान्हें भावंड पाळणाघरांत सांभाळलें गेलें म्हणजे सात वर्षांची बहीण आपोआप शाळेला मोकळी होते. हें गणित वरिष्ठ कचेरींत बसून सुचत नाहीं. तें अंगणांत बसल्यावर सुचतें. तरीहि कांहीं मुलें उरलींच. तीं सकाळीं गुरें घेऊन कुरणांत जात व सांजेला परतत. त्यांच्यासाठीं कुरणशाळा निघाली. गुरें चरत असतां शिक्षक तेथें जाई आणि झाडाखालीं शाळा भरे. गुरें राखणाऱ्या मुलाला निसर्गाचें ज्ञान आमच्यासारख्या शिक्षकांहून अधिक असतें. पांखरें, गवताच्या जाती, ऋतूंचीं चिन्हें हें त्याचें आधींचेंच भांडवल. अक्षर आणि अंक त्याला जोडून द्यावयाचे, एवढेंच काम. ताराबाईंना १९६२ सालीं पद्मभूषण मिळालें. १९७३ सालीं त्या निवर्तल्या. अनुताईंनीं पुढें १९९२ पर्यंत, म्हणजे देह ठेवीपर्यंत, तें व्रत चालविलें. १९८५ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना देशांतील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या गांवोगांवच्या केंद्राला ‘अंगणवाडी’ हेंच नांव दिलें. आज तें नांव आसामपासून केरळापर्यंत चालतें. आपल्या जिल्ह्यांतील पाड्यावरचा एक शब्द साऱ्या राष्ट्राचा झाला, ह्याचा आनंद आहेच. परंतु शब्द जितका दूर गेला तितका त्याचा अर्थ बरोबर गेला काय? ह्या योजनेंत पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी इत्यादि सहा सेवा आहेत आणि शालापूर्व शिक्षण ही त्यांतली एक. आहार व आरोग्य यांचें मोल मी कमी लेखीत नाहीं. उपाशी मूल शिकत नाहीं, हें बोर्डीच्या बायकांनींच प्रथम ओळखलें होतें. तरी पण सर्व भार एका सेविकेवर पडला. तिला वेतन नव्हे, मानधन मिळतें. आणि तिच्या हातीं यंत्र आलें तें मुलांसाठीं नव्हे, नोंदींसाठीं. २०२१ सालीं ‘पोषण ट्रॅकर’ नांवाची नोंदपद्धति आली, तेव्हां महाराष्ट्रांतील सेविकांनीं मिळालेले मोबाइल सरकारला परत करून निषेध नोंदविला. ते मोबाइल नीट चालत नव्हते आणि माहिती भरावयाची भाषा त्यांची नव्हती. नवें साधन आलें, पण ज्या हातांत तें द्यावयाचें त्या हाताचा विचार झाला नाहीं.

यंत्रांनीं कांहींच साधलें नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. १९७५–७६ ह्या एका वर्षांत उपग्रहाच्या द्वारें सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविले गेले, त्यांत शाळेच्या मुलांसाठींहि कार्यक्रम होते. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ सालीं सुरू झाली. मराठी मुलांसाठीं तिनें पुष्कळ कार्यक्रम केले आणि २०१७ सालीं ती बंद पडली. आपल्या शहापूर तालुक्यांतील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या शाळेनें टॅब्लेटवरील शिक्षणानें राज्यभर नांव मिळविलें. १९९९ सालीं दिल्लीच्या कालकाजी भागांत, झोंपडपट्टीला लागून असलेल्या भिंतींत, एक संगणक बसविला गेला आणि शिक्षकावांचून मुलें तो आपापसांत चालवावयास शिकलीं. सुगत मित्र यांचा तो प्रयोग जगभर गाजला. बेलसाहेबांच्या आश्रमांतील आठ वर्षांचा मुलगा पुन्हा नव्या वेषांत अवतरला, असेंच म्हणावयाचें! परंतु त्याच मित्रांनीं दहा वर्षांनीं त्या योजनेला एक जोड दिली. दूरदेशींच्या वडीलधाऱ्या स्त्रिया पडद्यावरून ह्या मुलांशीं बोलत, त्यांचें कौतुक करीत, ‘अरे, हें तूं कसें केलेंस?’ असें विचारीत. आजीची गरज यंत्रानें भागली नाहीं. यंत्रालाच आजी शोधावी लागली.

आणि २०२० सालच्या मार्चांत शाळा बंद झाल्या, तेव्हां ह्या साऱ्याची परीक्षा झाली. ज्यांच्या घरीं मोबाइल होता, त्यांचा अभ्यास मोडकातोडका कां होईना, चालला. ज्या घरीं एकच मोबाइल आणि तोहि बापाबरोबर कामावर जाणारा, तेथील मूल शाळेपासून तुटलें. त्या काळीं ठिकठिकाणच्या शिक्षकांनीं पारावर, ओट्यावर, अंगणांत चार-चार मुलें बसवून शिकविलें. त्यांना बोर्डीचा इतिहास ठाऊक असो वा नसो, गरजेनें ते त्याच वाटेला लागले.

ह्या इतिहासांतून हातीं येणारा मापदंड साधा आहे. नवें साधन पुढें आलें कीं दोन प्रश्न विचारावे. जें मूल आजवर शाळेपर्यंत पोंचत नव्हतें, तें ह्यामुळें जवळ आलें काय? आणि आलेल्या मुलाचा हात व मन स्वतः काम करूं लागलें काय, कीं तें नुसतें बघत बसलें? शिंपला ह्या कसोटीस उतरतो. टॅब्लेटहि उतरूं शकतो; पण तो केवळ चकचकीत आहे म्हणून नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तीन ते आठ हीं वर्षें शिक्षणाचा पाया म्हणून मानलीं आहेत. तीन वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा अधिकार आहे, हें बोर्डीच्या अंगणांत पंचाहत्तर वर्षें आधींच मान्य झालें होतें; सरकारी कागदावर यावयाला इतका काळ लागला.

आमचें कोपर हें खाडीकांठचें आगरी वस्तीचें गांव. आज त्याच्या चोहोंकडे उंच इमारती उठल्या आहेत आणि त्या बांधणारे मजूर पत्र्याच्या खोपटांत राहतात. इमारत पुरी झाली कीं खोपट हलतें आणि त्याबरोबर मुलाची शाळाहि सुटते. सान लोरेंझोच्या चाळींत जें मूल होतें, वारल्यांच्या पाड्यावर जें मूल होतें, तेंच मूल आज विटांच्या ढिगाशेजारीं धाकट्याला कडेवर घेऊन बसलेलें दिसतें. त्याच्या बापाच्या खिशांत मोबाइल आहे; पण त्याच्या अंगणांत अजून कोणी गेलेलें नाहीं. आपणांपैकीं ज्यांना दुपारचा तासभर मोकळा आहे, विशेषतः माझ्यासारखे जे नोकरींतून सुटले आहेत, त्यांनीं तेथें जाऊन बसावें. पिशवींत काय न्यावें ह्याची फार चिंता करूं नये. मूठभर चिंचोके, थोडे खडे आणि एखादी गोष्ट एवढ्यावर आरंभ होतो; पुढें काय हवें तें मुलेंच सांगतात.